तख्तीवरचा नुक्ता आणि जे.जे.चा वर्ग

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत तिला 'अ' श्रेणी मिळाली होती. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन असे सगळे पेपर तिने मन लावून दिले होते. बारावीनंतर कला महाविद्यालयात जाऊन चित्रकलेची पदवी घ्यायची असे तिने ठरवले आहे. पुढे म्हणाली, "मामू, अम्मी तयार आहे. अब्बू काहीच बोलत नाहीत. आणि नानी म्हणते, माणसाची तसवीर काढणं आपल्यात चालत नाही. तुम्ही समजवा ना तिला."

नानी म्हणजे माझी आई. तिला समजावणे सोपे नाही, आणि तिचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखेही नाही. चित्रकाराला कयामतच्या दिवशी स्वतःच्या चित्रात प्राण फुंकायला सांगितले जाईल, या आशयाची हदीस तिने लहानपणापासून ऐकली आहे. कित्येक घरांत याच कारणाने भिंतीवर माणसाचे चित्र टांगत नाहीत. या प्रश्नावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. मी मुफ्ती नाही, त्यामुळे फतवा देण्याच्या भानगडीत पडणार नाही. पण आईच्या वाक्यात आणखी एक वाक्य दडलेले आहे. 'हे आपले काम नाही', असे ते वाक्य. चित्र काढणे, त्याचे रीतसर शिक्षण घेणे हे दुसऱ्यांचे, आपण त्यात परके, हा समज आपल्या मोहल्ल्यांत इतका मुरला आहे की तो तपासून पाहावा असे कुणाला वाटत नाही. हा दावा धर्माचा नाही, इतिहासाचा आहे. इतिहासाचा दावा मात्र तपासता येतो. म्हणून हा लेख.

कारखान्यातली तालीम

चित्रकला 'शिकणे' ही गोष्ट आपल्याकडे इंग्रजांनी आणली, असे सर्रास बोलले जाते. इंग्रजांनी कॉलेज आणले हे खरे. तालीम त्याआधीही होती आणि ती चांगली कडक होती.

हुमायून इराणातून परतला तेव्हा तिथल्या दरबारातले मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद हे दोन उस्ताद त्याच्याकडे आले. त्यांच्या हाताखाली अकबराच्या काळात जो तसवीरखाना उभा राहिला, त्याला आजच्या भाषेत स्टुडिओ म्हणायला हरकत नाही. 'हम्झानामा'ची सुमारे चौदाशे मोठी चित्रे करायला या कारखान्याला पंधरा वर्षांच्या आसपास लागली. एवढे काम एकट्यादुकट्याचे नव्हते. त्या काळच्या ग्रंथचित्रांच्या कडेला कारकुनांनी बारीक अक्षरांत केलेल्या नोंदी आजही वाचता येतात. 'तर्ह' म्हणजे चित्राची मांडणी आणि रेखाटन कुणाचे, 'अमल' म्हणजे रंगकाम कुणाचे, आणि काही ठिकाणी 'चेहरानामी' म्हणजे ओळखीचा चेहरा कुणी काढला, अशी ही वाटणी असे. मांडणी उस्तादाची, रंग शागिर्दाचे. शागीर्द रंगता रंगता मांडणी शिकत असे. अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवले आहे की, दर आठवड्याला सर्व चित्रकारांचे काम बादशहापुढे मांडले जाई आणि कामाप्रमाणे बक्षीस किंवा पगारवाढ मिळे.

या कारखान्यात कोण शिकत होते? अबुल फझलने नावे दिली आहेत. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद यांच्या पाठोपाठ दसवंत, बसावन, केसू, लाल, मुकुंद, मिस्कीन, जगन, महेश, तारा, सांवला ही नावे येतात. दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतीवर चित्रे काढत फिरायचा. बादशहाची नजर पडली आणि त्याला ख्वाजांच्या हवाली केले गेले. थोड्याच काळात तो त्या युगातल्या सर्वोत्तम चित्रकारांत मोजला जाऊ लागला. पुढे त्याचे मन बिघडले आणि त्याने स्वतःच स्वतःचा जीव घेतला, हेही अबुल फझलने लपवलेले नाही. शिराझचा मुसलमान उस्ताद आणि कहाराचा हिंदू पोरगा एका सतरंजीवर बसून शिकले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. 'आपले' आणि 'त्यांचे' ही विभागणी त्या सतरंजीवर करायची तर ती कुठे करणार?

आईच्या शंकेचे उत्तर म्हणून नव्हे, पण त्या शंकेशी बोलणारी एक गोष्ट त्याच ग्रंथात आहे. चित्रकाराला ईश्वर ओळखण्याची एक खास वाट मिळते, असे अकबराचे मत अबुल फझलने नोंदवले आहे. सजीवाचा एकेक अवयव काढत गेलेल्या चित्रकाराला शेवटी कळून चुकते की यात प्राण घालणे आपल्या हातात नाही, आणि मग त्याचे मन प्राण देणाऱ्याकडे वळते. ज्या मुद्द्यावर चित्रकाराला दोषी धरले जाते, तोच मुद्दा इथे त्याच्या नम्रतेचा आधार झाला आहे. हे मत सगळ्यांना पटले नव्हते, आजही पटणार नाही. पण हा वाद चारशे वर्षांपूर्वी आपल्याच घरात, आपल्याच शब्दांत चालू होता, एवढे तरी यातून दिसते.

दिल्ली-आग्रा लांब वाटत असेल तर आपल्या दख्खनकडे पाहावे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची थोरवी गाणारे 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे फारसी काव्य सोळाव्या शतकात सचित्र तयार झाले. राजा आणि राणी खुंजा हुमायून यांच्या चित्रांनी सजलेले ते हस्तलिखित आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेचा हा सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक. काही चित्रांत राणीची आकृती नंतर कुणीतरी पुसून टाकली आहे. काढणारे हात आणि पुसणारे हात दोन्ही एकाच पानावर सापडतात. आपल्या घरातल्या वादाचे याहून बोलके चित्र मला माहीत नाही.

या तालमीत नेमके काय शिकवत? सुरुवात चित्राने होतच नसे. आधी कागद. खळ लावून कागदाचे थर एकावर एक चिकटवायचे, किडीपासून वाचावा म्हणून खळीत मोरचूद घालायचा, आणि वाळल्यावर शंखाने किंवा अकीकाने घोटून घोटून पृष्ठभाग काचेसारखा करायचा. याला वसली म्हणतात. मग कुंचला. खारीच्या शेपटीचे केस निवडून, टोक जुळवून बांधायचा. मग रंग. हिंगूळ, लाजवर्द, सफेदा खलात वाटायचे आणि डिंकाच्या पाण्यात कालवायचे. त्यानंतर उस्तादाचे खाके गिरवणे, आणि शेवटी परदाख्त. बारीक रेघा आणि ठिपके शेजारी शेजारी ठेवत गोलाई आणि छाया आणायची ही रीत. वर्षे जात. हात तयार झाल्याशिवाय स्वतःचे चित्र नाही.

खुशनवीसांकडेही हीच शिस्त होती. आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी तख्तीवर मुलतानी माती फासून बोरूने अलिफ-बे गिरवले, त्यांनी या तालमीचे एक टोक पाहिलेले आहे. बोरूच्या टोकाने कागदावर टेकवलेला चौकोनी ठिपका म्हणजे नुक्ता. अलिफ किती नुक्ते उंच, बे किती नुक्ते लांब, हे ठरलेले. अक्षराचे शरीर मोजायचे माप म्हणजे हा नुक्ता. प्रमाण शिकवण्याची ही पद्धत इब्न मुक्लाच्या नावाने, म्हणजे दहाव्या शतकापासून, ओळखली जाते. हा नुक्ता ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

क्रॉफर्ड मार्केटसमोरचे कॉलेज

सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये रेखाटनाचा वर्ग भरू लागला. हीच पुढची सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट. जमशेटजींच्या डोळ्यांसमोर आजच्या अर्थाने 'कलावंत' नव्हते. देशी कारागिरांचा हात सुधारावा, त्यांना रोजगार मिळावा, हा हेतू होता. सरकारलाही नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन आणि चित्रकला-शिक्षक हवे होते.

१८६५ साली विलायतेहून तीन शिक्षक आले. सजावटी चित्रकलेसाठी जॉन ग्रिफिथ्स, वास्तुशिल्पासाठी जॉन लॉकवुड किपलिंग आणि लोखंडी नक्षीकामासाठी हिगिन्स. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला किपलिंगला मुलगा झाला, तो लेखक रुडयार्ड. लोकांना जे.जे.च्या आवारातला 'किपलिंगचा बंगला' मुलामुळे माहीत असतो. आपल्या विषयात महत्त्वाचा आहे तो बाप. क्रॉफर्ड मार्केटच्या दरवाजांवर शेतकरी आणि बाजारकऱ्यांची जी उठावशिल्पे आहेत, ती त्याची. मोहम्मद अली रोडवर जाताना आपण त्यांच्याखालून शेकडो वेळा गेलेलो असतो, मान वर करून पाहत नाही.

शिकवण्याचा क्रम मात्र लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा होता. आधी सरळ रेषा, भूमिती, सपाट नक्षी. मग प्लास्टरचे ग्रीक पुतळे समोर ठेवून छायाप्रकाश. हात लांब करून पेन्सिलीने माप घ्यायचे, ओळंबा धरून डोके पायाच्या कुठे येते ते पाहायचे, कोळशाने गडद करायचे, पावाच्या मऊ तुकड्याने उजळ करायचे. एका पुतळ्यावर दिवसच्या दिवस. जुन्या तालमीत शागीर्द उस्तादाच्या रेषेची नक्कल करायचा. इथे विद्यार्थी समोरच्या वस्तूची नक्कल करू लागला. वसली गुडघ्यावर असे, तर ईझल समोर उभे असते. बसण्याची जागा बदलली आणि पाहण्याची रीतही बदलली. तिथे डोळ्याआधी स्मरण होते, इथे स्मरणाआधी डोळा आला.

ग्रिफिथ्सने याला एक वेगळे वळण दिले. १८७२ ते १८८५ या काळात तो विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिला आणि लेण्यांतल्या चित्रांच्या मोठ्या प्रती करवून घेतल्या. यातल्या बऱ्याच प्रती लंडनला आगीत जळाल्या. पण ज्यांनी त्या केल्या, त्या पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांच्या हातात अजिंठ्याची रेषा उतरली ती उतरलीच. पुढे १९१९ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या ग्लॅडस्टन सॉलोमनने जिवंत मॉडेल समोर बसवून नग्न मानवी देहाच्या अभ्यासाचा वर्ग सुरू केला. भित्तिचित्रांचा वर्गही त्याच्याच काळातला. रावबहादूर धुरंधर १८९० साली विद्यार्थी म्हणून आत शिरले आणि एकेचाळीस वर्षांनी बाहेर पडले. त्यांच्या 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या पुस्तकात या शाळेचा आतला संसार मराठीत वाचायला मिळतो. अशी नोंद ठेवल्याबद्दल त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

या पहिल्या पिढ्यांत गाजलेली नावे पाहिली तर पेस्तनजी, धुरंधर, म्हात्रे, त्रिंदाद अशी पारशी, हिंदू आणि ख्रिस्ती नावे दिसतात. पुण्यातल्या बेने इस्रायल कुटुंबात जन्मलेले सॅम्युअल रहमीन जे.जे.त आणि नंतर लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले, अतिया फैजींशी लग्न करताना मुसलमान झाले आणि फैजी-रहमीन म्हणून ओळखले गेले. पण वर्गात शिरले तेव्हा ते मुसलमान नव्हते. मग आपण कुठे होतो? याचे उत्तर निव्वळ 'मजहबने रोखले' असे देऊन भागत नाही. ज्यांच्या घरी कारागिरी होती ते घरीच शिकत होते. कॉलेजला वेळ लागे, फी लागे, थोडेफार इंग्रजी लागे, आणि तेवढी वर्षे मुलगा कमावणार नाही हे पचवावे लागे. आजही कला महाविद्यालयाचे नाव काढले की घरातला पहिला प्रश्न हलाल-हरामचा नसतो. 'पुढे खाणार काय?' हा असतो. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर सापडले नाही की आपण पहिल्याच्या आड लपतो. हे मी माझ्या घरासकट बोलतो आहे.

चौघे विद्यार्थी

१९४० च्या दशकात चित्र बदलले. जे.जे.च्या वर्गांत त्या दहा-बारा वर्षांत चार मुसलमान तरुण येऊन गेले. चौघांच्या घरची भाषा, पंथ, ऐपत निराळी, आणि चौघे चार वेगळ्या वाटांनी गेले.

सय्यद हैदर रझा मध्य प्रांतातल्या मंडल्याकडचे, वडील जंगल खात्यात. १९३९ ते १९४३ ते नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि मग मुंबईला आले. पोटासाठी ब्लॉक स्टुडिओत काम केले आणि शिकत राहिले. त्यांची एक आठवण प्रसिद्ध आहे. लहानपणी चित्त थाऱ्यावर नसलेल्या या मुलाला गावच्या शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले. हाच तो पुढे जगभर गेलेला 'बिंदू'. पण ठिपक्यापासून बिंदूपर्यंत कित्येक वर्षांची कसरत आहे, हे विसरले जाते. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिये-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहिली आणि स्पष्ट सांगितले की रंगात हुशारी आहे, रचना नाही. सेझानचा अभ्यास कर. नागपूर आणि मुंबईत शिकून झालेला, प्रदर्शने भरवलेला माणूस ते ऐकून चिडला नाही. शिष्यवृत्ती मिळवून १९५० मध्ये पॅरिसला गेला आणि एकोल दे बोझारमध्ये पुन्हा विद्यार्थी म्हणून बसला. फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात गेली, रझा गेले नाहीत. त्यांचा बिंदू हिंदू गुरुजींच्या भिंतीवरून आला. पण तो पाहताना मला तख्तीवरचा नुक्ता आठवतो. हा माझा दोष असेल. एकाच ठिपक्याकडे दोन परंपरांचे लोक आपापल्या आठवणी घेऊन जाऊ शकतात, एवढेच म्हणतो.

तैयब मेहता हे बोहरा कुटुंबातले. कपडवंजला जन्मले, पण लहानाचे मोठे झाले क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात, म्हणजे लॉकवुड किपलिंगच्या शिल्पांच्या सावलीत. सिनेमाच्या संकलन विभागात काम करता करता त्यांना चित्रकलेची वाट दिसली. १९५२ मध्ये त्यांनी जे.जे.ची पदविका घेतली. १९४७ च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारलेले त्यांनी खिडकीतून पाहिले होते. ते दृश्य आयुष्यभर त्यांच्या मागे राहिले. कोसळणारा माणूस, पाय बांधलेला बैल, रिक्षाशी एकजीव झालेला रिक्षावाला, कॅनव्हास तिरका चिरत जाणारी रेघ या सगळ्याच्या मुळाशी ते आहे. इथे तंत्राचा प्रश्न येतो. मरणारा माणूस अनेकांनी पाहिला, पण तो रंगवता आला एखाद्याला. शरीराचा तोल कुठे असतो हे वर्गात मोजून मोजून शिकलेल्या हातालाच तो तोल मोडलेला दाखवता येतो. मेहतांच्या आकृत्या सपाट रंगाच्या, तुटक, वाकड्या आहेत म्हणून 'हे तर पोरही काढेल' असे म्हणणाऱ्याने एकदा प्लास्टरच्या पुतळ्यासमोर कोळसा घेऊन बसावे. मनासारखी न झालेली कितीतरी चित्रे त्यांनी स्वतःच नष्ट केली, हीसुद्धा त्या तालमीचीच खूण.

अकबर पदमसी खोजा व्यापारी घरातले. शाळेतच शिरगावकर नावाच्या शिक्षकांनी त्यांना जलरंग शिकवला. जे.जे.ला जाण्याआधी त्यांनी चर्नी रोडला मानवी देहाच्या रेखाटनाच्या वर्गात सराव केला, आणि तयारी इतकी होती की त्यांना थेट तिसऱ्या वर्षाला घेतले गेले. जे.जे.तले शंकर पळशीकर हे त्यांच्यावर आणि त्या काळच्या अनेकांवर छाप पाडणारे शिक्षक. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनात पदमसींच्या स्त्री-पुरुषाच्या नग्न चित्रावर पोलिसांनी आक्षेप घेतला. चित्र काढून घ्यायला त्यांनी नकार दिला, खटला झाला आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. गंमत अशी की सरकारी कलाशाळेत पस्तीस वर्षे ज्याचा रीतसर अभ्यास चालू होता, तेच गॅलरीत टांगल्यावर गुन्हा ठरू पाहत होते. तेव्हा आईसारख्या माणसांना एकट्यालाच संकुचित ठरवू नये. हा संकोच सगळ्या समाजाचा आहे, आपण फक्त आपले कारण वेगळे सांगतो.

चौथे नाव कमी ऐकलेले, ते अब्दुल अझीझ रायबा यांचे. मुंबईत जन्मलेल्या रायबांनी जे.जे.त जगन्नाथ अहिवासी यांच्या भारतीय शैलीच्या वर्गात शिक्षण घेतले. म्हणजे ब्रजभूमीतून आलेल्या हिंदू शिक्षकाकडून एका मुसलमान विद्यार्थ्याने लघुचित्रांची रेषा कॉलेजात पुन्हा उचलली. दसवंत आणि अब्दुस्समद यांची जोडी इथे उलटी झाली. रायबांनी काश्मीर रंगवले, तागाच्या खरखरीत कापडावर रंगवले, आणि पुढे नालासोपाऱ्यात राहून २०१६ मध्ये वारले. आपल्या लोकल गाडीच्या वाटेवर एवढा मोठा माणूस राहत होता आणि आपल्यातल्या किती जणांना ते ठाऊक होते?

हुसेन यांचे नाव मी मुद्दाम शेवटी घेतो. पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदांनी लहानपणी मदरशात खुशनवीसी गिरवली आणि मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवून हात घडवला. ते थोरच. पण 'मुसलमान चित्रकार' म्हटले की एकच नाव आणि त्याबरोबर एकच वाद, असे झाल्यामुळे आपण बाकीची शाळा विसरलो.

लाहोरची उलटी वाट

जे.जे.तून निघालेली एक वाट लाहोरला जाते. तीही सांगितली पाहिजे. १८७५ मध्ये लॉकवुड किपलिंग मुंबई सोडून लाहोरच्या नव्या मेयो स्कूलचा पहिला प्राचार्य झाला. देशी कारागिरीबद्दल त्याला खरी आस्था होती. चित्रकार अब्दुर्रहमान चुगताई याच शाळेत शिकले. १९५८ मध्ये ती नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स झाली. तिथे हाजी मुहम्मद शरीफ आणि शेख शुजाउल्ला हे खानदानी उस्ताद लघुचित्रण शिकवत. पण कॉलेजात त्याला जुनाट हस्तकलेचा दर्जा होता. त्यांचे शागीर्द बशीर अहमद यांनी १९८० च्या दशकात तो पदवीचा स्वतंत्र विषय करून घेतला. पुन्हा जमिनीवर बसणे आले, वसली घोटणे आले, खारीच्या केसांचा कुंचला बांधणे आले, परदाख्त आली. फरक एवढाच की आता वर्गात मुली होत्या, आणि शेवटी स्वतःचे काहीतरी करून दाखवायचे होते.

शाझिया सिकंदर या विद्यार्थिनीने पदवीसाठी 'द स्क्रोल' नावाचे चित्र केले. पाच फुटांहून लांब वसली, अस्सल जुने तंत्र, आणि विषय? आजचे घर. खोलीमागून खोली, आणि त्यांतून फिरणारी पांढऱ्या कपड्यांतली एक तरुणी, जिचा चेहरा आपल्याला दिसत नाही. बादशहा नाही, शिकार नाही. तिच्या पाठोपाठ इम्रान कुरेशींसारखे विद्यार्थी आले आणि लाहोरचे लघुचित्रण जगभर पोहोचले. जे तंत्र मेलेले समजले जात होते, ते कॉलेजच्या अभ्यासक्रमाने वाचवले. इंग्रजी कलाशाळेने जुनी तालीम मोडली हे जितके खरे, तितकेच हेही खरे की तिच्याच एका वर्गात ती पुन्हा उभी राहिली.

आणि ज्यांना सजीवाची आकृती नकोच वाटते, त्यांच्यासाठीही या शिक्षणात दार बंद नाही. नसरीन मोहम्मदी लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिकल्या, १९७२ पासून बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत शिकवत राहिल्या, आणि १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. पेन, शाई, पट्टी आणि रेघा. त्यांच्या उत्तरकाळच्या कामात माणूस नाही, झाड नाही, फक्त अचूक रेषा आहेत. शरीराच्या दुखण्याने हात साथ देईनासा झाला तरी त्या रेषा ढळल्या नाहीत. ज्या बडोद्यात त्या शिकवत, तिथे चित्रकला विभागाची घडी बसवली ती मराठी चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांनी, आणि तिथेच सुरेंद्रनगरहून आलेले गुलाममोहम्मद शेख आधी विद्यार्थी आणि मग अध्यापक झाले.

आईशी बोलायचे ते

एवढे सगळे वाचून झाल्यावर मी भाचीला फोन केला. तिला तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, हे शिक्षण म्हणजे छंद नव्हे. सीईटी आहे, चार वर्षे आहेत, रंग आणि कागद महाग आहेत, आणि पहिली दोन वर्षे तुला वाटेल की आपण फक्त मडकी आणि पडदे काढतो आहोत. वसली घोटणाऱ्या पोरालाही असेच वाटले असेल. ते सोसायची तयारी असेल तरच जा.

दुसरी, पोटाचा प्रश्न खरा आहे, तो अब्बूंच्या गप्प राहण्यात आहे. त्यांच्याशी मोठ्या चित्रकारांच्या किमतीबद्दल बोलू नकोस. शाळेत कलाशिक्षक, छपाई, जाहिरात, ॲनिमेशन, वस्त्रांवरचे नक्षीकाम यांबद्दल बोल. रझा ब्लॉक स्टुडिओत आणि तैयब मेहता संकलनाच्या टेबलावर बसून शिकले, हे सांग.

तिसरी गोष्ट नानीबद्दल. तिला हरवायचे नाही. तिच्या मनात जो डर आहे तो अल्लाहचा आहे, त्याची थट्टा करायची नाही. तिला फक्त एवढे सांगायचे की, ज्या कामाला ती परके म्हणते ते काम आपल्या लोकांनी चारशे वर्षे केले, त्याबद्दल आपसात भांडत केले, हिंदू गुरूंकडून शिकत आणि हिंदू शागिर्दांना शिकवत केले. चित्र काढावे की नाही, कशाचे काढावे, हे तुझे तू ठरव, तुझ्या ईमानाने ठरव. पण 'हे आपले नाही' असे मात्र म्हणू देऊ नकोस, कारण ते खरे नाही.

भाची म्हणाली, "मामू, हे तुम्हीच सांगा ना तिला."

फॉर्म भरायचे दिवस जवळ आले आहेत. येत्या जुम्म्याला मी गावी जाणार आहे. जाताना सोबत एक जुनी तख्ती नेणार आहे, माझीच, माळ्यावर सापडली. तिच्यावर अजून बोरूच्या शाईचे पुसट डाग आहेत. मला अलिफ गिरवायला आईनेच बसवले होते, आणि रेघ वाकडी आली की तीच तख्ती पुसून पुन्हा हातात देत असे. बोलणे तिथूनच सुरू करावे म्हणतो.